पोहायला शिकवा, पण पाठ फिरवू नका

एप्रिल-मे उजाडला की दोन गोष्टी बरोबरच येतात. तलावांच्या फाटकांवर उन्हाळी शिबिरांचे फलक लागतात आणि वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर त्या बातम्या सुरू होतात: मामाच्या गावी आलेली दोन भावंडं शेततळ्यात, पोहायला गेलेली तीन मुलं खाणीच्या डबक्यात, कपडे धुणाऱ्या आईमागे गेलेलं लेकरू नदीत. मग पालकांमध्ये वाद पेटतो. काही म्हणतात, सहा महिन्यांच्या बाळापासून शिकवा, परदेशात रांगती बाळंसुद्धा पाण्यात उताणी तरंगतात. काही म्हणतात, सात-आठ वर्षांचं होईपर्यंत पाण्याजवळ फिरकू देऊ नका. घरातली वडीलधारी मंडळी दोघांनाही मोडीत काढतात: आम्हाला काकांनी विहिरीत ढकललं होतं, पाण्यात पडलं की पोहता येतं. तिन्ही बाजू भांडतात ते एकाच प्रश्नावर, सुरुवात कधी आणि कशी करायची. मला हा प्रश्न दुय्यम वाटतो. मुलांना पोहायला शिकवलंच पाहिजे. चौथ्या वर्षापासून नेटानं, आणि जमलं तर त्याआधी पाण्याची ओळख म्हणून. पण मूल वाचणार की नाही हे ठरतं ते दोन गोष्टींवर. त्या शिकवणीत त्याला नेमकं काय शिकवलं, आणि शिकवणी झाल्यानंतर घरचं मोठं माणूस कुठे बघत होतं.

या वादातली निम्मी गफलत बुडणं म्हणजे काय हेच ठाऊक नसल्यानं होते. आपल्या डोळ्यांसमोर असतो तो हात वर करून ‘वाचवा, वाचवा’ ओरडणारा माणूस. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक असलेल्या फ्रँक पिया यांनी १९७०च्या सुमारास खरोखर बुडू लागलेल्या माणसांचं चित्रीकरण केलं, त्यात दिसलं ते निराळंच. तोंड पाण्याबाहेर येतं तेवढ्या क्षणात श्वासच कसाबसा घेता येतो, ओरडायला हवा उरत नाही. हात वर जात नाहीत, दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत राहतात. एखाद्या मिनिटात माणूस पाण्याखाली जातो, लहान मूल त्याहूनही लवकर. दोन वर्षांच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं. बादलीत वाकताना तोल गेला तर त्याला स्वतःला वर ओढता येत नाही, आणि बाहेर स्वयंपाकघरात काहीच ऐकू येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२४च्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली. एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं हे चौथं मोठं कारण आहे आणि पाच ते चौदा वयाच्या मुलांत तिसरं. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे २०२२मध्ये अशा ३८ हजारांहून अधिक मृत्यूंची नोंद झाली, आणि त्या यादीत महाराष्ट्र वरच्या राज्यांत असतो. तरीही आपण या विषयावर बोलतो ते मे महिन्यापुरतं, आणि बोलतो ते वयाबद्दल.

आधी विहिरीवाल्यांचं म्हणणं घेऊ, कारण त्यात बरंच तथ्य आहे. गावोगावच्या विहिरींवर, कृष्णेच्या आणि गोदावरीच्या घाटांवर पिढ्यान् पिढ्या मुलं फुकट पोहायला शिकली, आणि पट्टीची पोहणारी निघाली. कुणाच्या पाठीला वाळवलेला भोपळा असे, कुणाच्या पांगाऱ्याच्या लाकडाचा ओंडका, पुढे मोटारीची ट्यूब आली. ही पद्धत जुनाट म्हणून तिला हसणाऱ्या शहरी पालकांनी तिच्याकडे नीट पाहावं. कमरेला दोर बांधलेला असे आणि त्या दोराचं दुसरं टोक काकाच्या मुठीत. एक मूल, एक मोठं माणूस, आणि त्या माणसाला दुसरं काम नाही. मूल गटांगळी खायला लागलं की दोर ताणला जाई. पोहणं शिकवलं ते या दोरानं. पण आठवणी सांगताना दोर गळून जातो आणि ढकलणं तेवढं उरतं, कारण गोष्ट रंगते ती ढकलण्यामुळे. ‘आम्हाला ढकललं, आम्ही शिकलो’ हे सांगायला जे उरले तेच सांगतात. ज्यांच्या बाबतीत दोर नव्हता किंवा हातातून सुटला, त्यांची साक्ष कोण काढणार? शिवाय जी ढकललेली मुलं वाचली त्यांतली कितीतरी पुढे आयुष्यभर पाण्याच्या कडेला उभी राहिली. चाळिशीतला धडधाकट माणूस समुद्रात घोट्याच्या वर पाणी येऊ देत नाही, तेव्हा त्यामागे बहुधा लहानपणीचा असाच एखादा धक्का असतो. घाबरलेलं मूल श्वास रोखून अंग ताठ करतं. तरंगायला नेमकं याच्या उलट हवं असतं.

आता दुसरं टोक. सहा महिन्यांचं बाळ पाण्यात टाकलं, ते उलटून उताणं झालं आणि तरंगत राहिलं, हे दृश्य पाहून पालक भारावून जातात आणि हजारो रुपये मोजून वर्ग शोधतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं या बाबतीत आपली भूमिका कशी बदलली ते पाहण्यासारखं आहे. चार वर्षांखालची मुलं पोहणं शिकण्याइतकी तयार नसतात, असं ही संघटना २०००मध्येही सांगत होती. २००९मध्ये तिथे एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बुडालेल्या मुलांची त्यांच्याच वयाच्या इतर मुलांशी तुलना केली, तेव्हा एक ते चार वयोगटात रीतसर पोहणं शिकलेल्या मुलांत बुडण्याचा धोका ८८ टक्क्यांनी कमी दिसला. हा आकडा वर्गांच्या जाहिरातीत ठळक छापण्याजोगा आहे. पण अभ्यासातली मुलं थोडी होती आणि खरा परिणाम या आकड्यापेक्षा पुष्कळ कमी असू शकतो, हेही त्याच अभ्यासात लिहिलेलं आहे. संघटनेनं २०१०मध्ये भूमिका सैल केली आणि २०१९मध्ये स्पष्ट सांगितलं: एक वर्षानंतर पोहण्याच्या शिकवणीचा उपयोग होऊ शकतो, चौथ्या वर्षापर्यंत बहुतेक मुलं त्यासाठी तयार होतात, एक वर्षाखालच्या बाळांना त्यानं संरक्षण मिळतं याला पुरावा नाही. बाळाला कडेवर घेऊन कोमट पाण्यात उतरावं, खेळावं, त्याला पाण्याची गोडी लागू द्यावी, यात काहीच वावगं नाही. पण ते झालं खेळणं. इतक्या लहान बाळाला पाण्याखाली पुन्हा पुन्हा घालू नये, कारण ते पाणी गिळतं, आणि जास्त पाणी पोटात गेलं तर रक्तातलं मिठाचं प्रमाण घसरून झटका येऊ शकतो. त्याच्या अंगातली ऊबही झपाट्यानं जाते. ओठ निळसर दिसले किंवा कुडकुडायला लागलं की तास संपला असं समजून बाहेर काढावं.

थांबा म्हणणाऱ्यांची नेहमीची कारणं, म्हणजे सर्दी, कान, क्लोरिन, काळवंडणं, फारशी टिकत नाहीत. सर्दी विषाणूनं होते. पोहून कान दुखतो तो बहुधा बाहेरच्या नळीत पाणी साचून. कान नीट कोरडा केला तर बरंचसं टळतं. ज्या मुलाच्या कानाच्या पडद्याला छिद्र आहे किंवा ज्याला फिट येतात, त्याच्या डॉक्टरांना मात्र आधी विचारलंच पाहिजे.

पण याच बाजूचा एक मुद्दा अतिशय वजनदार आहे आणि तो क्वचितच कुणी नीट मांडतं. पोहायला यायला लागलं की मूल धीट होतं आणि पालक निर्धास्त. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या संशोधकांनी पोहण्याच्या वर्गाला जाणाऱ्या लहान मुलांच्या पालकांना विचारलं, तेव्हा मूल जसजसं वरच्या टप्प्यावर गेलं तसतशी त्याच्यावर लक्ष ठेवण्याची गरज पालकांना कमी वाटू लागल्याचं दिसलं. हा धोका मी पूर्ण मान्य करतो. किंबहुना त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण एका प्रौढ माणसाचं आहे. कॅप्टन मॅथ्यू वेब हा इंग्लिश खाडी पोहून जाणारा पहिला माणूस. १८७५च्या ऑगस्टमध्ये त्यानं तो पराक्रम केला आणि सगळ्या इंग्लंडनं त्याला डोक्यावर घेतलं. १८८३च्या जुलैमध्ये तो नायगारा धबधब्याखालच्या खवळलेल्या प्रवाहात उतरला आणि त्याच्यातच गेला. त्या काळी पोहण्यात ज्याची बरोबरी करणारा सापडणं कठीण, त्याचं कौशल्य चुकीच्या पाण्यात उपयोगी पडलं नाही. मग एकवीस दिवसांचं शिबिर केलेल्या सहा वर्षांच्या मुलाचं काय? पण यावरून शिकवूच नये असा निष्कर्ष काढणं मला पटत नाही. न शिकलेलं मूलही पाण्याकडे ओढलं जातंच. शिकवल्यामुळे पालक ढिले पडत असतील, तर सुधारायला हवं ते पालकांनी. चार-पाच वर्षांचं मूल पाण्यात असेल तेव्हा मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं, मग त्या मुलाला चारही प्रकारचं पोहणं का येईना. लग्नाला किंवा सहलीला मिळून गेलेल्या दहा मोठ्यांपैकी ‘कुणीतरी बघतच असेल’ हे तर सगळ्यात घातक. त्या घोळक्यात एकाचं नाव घेऊन सांगावं, पुढची पंधरा मिनिटं तू, मोबाइल खिशात. आणि दंडाला लावायचे ते हवा भरलेले फुगे हे खेळणं आहे. ते निसटतात, फुटतात, आणि मुलाला पाण्यात उभं राहायची सवय लावतात, जी फुगे काढल्यावर त्याला खाली नेते.

मग शिकवणीत काय असावं? कोणत्याही गजबजलेल्या उन्हाळी शिबिरात जाऊन कठड्याबाहेरच्या बाकावर अर्धा तास बसा. उथळ बाजूला वीस-पंचवीस मुलं ओळीनं दांडीला धरून पाय मारताहेत, एकच सर काठावरून शिट्टी वाजवताहेत, रांगेतल्या शेवटच्या मुलीचे हात थकून दांडीवरून सुटताहेत आणि सरांची नजर दुसऱ्या टोकाला आहे. तासाभरात प्रत्येक मुलाच्या वाट्याला सरांचा हात येतो तो दोन मिनिटं. दहाव्या दिवशी फळी, पंधराव्या दिवशी फ्री-स्टाइलचे हात, एकविसाव्या दिवशी आडवा तलाव पार करून प्रमाणपत्र. सरांना दोष देत नाही, तेवढ्या पगारात तेवढी मुलं सांभाळणं हीच कसरत आहे. पण या मुलीला काठावरून अनपेक्षित ढकललं गेलं तर ती काय करील, हे एकवीस दिवसांत कुणीच पाहिलेलं नसतं. अमेरिकन रेड क्रॉसनं पाण्यातल्या किमान क्षमतेची कसोटी पाच गोष्टींत सांगितली आहे: डोक्यावरून पाणी जाईल इतक्या खोलीत उतरून पुन्हा वर येणं, एक मिनिट तरंगणं किंवा पाय हलवत उभ्याउभ्या टिकणं, गर्रकन वळून बाहेर पडायची जागा शोधणं, तिथपर्यंत साधारण पंचवीस यार्ड पोहणं, आणि शिडीशिवाय बाहेर येणं. यात सुंदर हात मारण्याचा उल्लेखही नाही. कालव्यांनी भरलेल्या नेदरलँड्समध्ये मुलांना पोहण्याचा पहिला दाखला मिळवायला कपडे-बूट घालून पोहून दाखवावं लागतं, कारण तिथे मूल कालव्यात पडतं ते अंगावरच्या कपड्यांनिशी. आपली मुलं काय पोहण्याचा पोशाख घालून विहिरीत पडतात? पैसे भरण्याआधी पालकांनी हेच विचारावं: एका सरांमागे किती मुलं, पाच वर्षांखालची असतील तर चार-पाचांहून जास्त का, वेगळा जीवरक्षक आहे का आणि तो शिकवण्यात गुंतलेला तर नाही ना, उताणं तरंगणं पहिल्या आठवड्यात शिकवता की शेवटच्या, आणि मला बसून पाहता येईल का. तलावाचा तळ स्पष्ट दिसत नसेल तर त्या दिवशी मुलाला उतरवू नये. गढूळ पाण्यात खाली गेलेलं मूल कुणालाच दिसत नाही.

तलावात शिकलेलं पोहणं नदी-समुद्रात कामी येत नाही, असाही एक आक्षेप असतो, आणि तो बऱ्याच अंशी खरा आहे. २०१६च्या फेब्रुवारीत मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी गेले. २०२४च्या जूनअखेरीस लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसं एकमेकांना धरून उभी होती आणि पाणी वाढलं तसं एकापाठोपाठ एक वाहून गेली. तिथे कुणाला किती पोहता येत होतं याला अर्थच नव्हता. कमरेएवढ्या धावत्या पाण्यात पाय निसटला की पोहायला जागाच मिळत नाही. शेततळ्याची गोष्ट तर आणखी वेगळी. दुष्काळी भागाला त्यांनी जगवलं, पण तळाशी आणि चारी उतारांवर प्लास्टिकचा जाड कागद अंथरलेला असतो, पाणी लागलं की त्यावर शेवाळ धरतं, आणि तो उतार इतका निसरडा होतो की पट्टीचा पोहणारासुद्धा काठाला पोहोचून वर चढू शकत नाही. हात ठेवतो, घसरतो, पुन्हा हात ठेवतो, आणि दमतो. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही तसाच अडकतो. एका घरातले दोघे-तिघे जातात ते यामुळे. यावर उपाय आहे चारी बाजूंनी गाठी मारलेला जाड दोर खुंट्याला बांधून पाण्यापर्यंत सोडण्याचा, ट्रकचे जुने टायर साखळीनं उतारावर अडकवण्याचा, आणि जाळीच्या कुंपणाला कुलूप लावण्याचा. हजारभर रुपयांचा दोर लाखांच्या शेततळ्याला लावायला कुणाची ना असेल? लावला जात नाही, कारण जीव वाचवणं आपण मुलाच्या हुशारीवर सोडून दिलं आहे. मुलाला पाणी ओळखायला शिकवणं हाही पोहण्याचाच धडा आहे: कुठे उतरायचं नाही, आणि मित्र बुडताना दिसला तर उडी न मारता काठी, ओढणी, रिकामं झाकणबंद कॅन फेकायचं.

या सगळ्या गोष्टी एकत्र कशा बसवायच्या याचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. बांगलादेशात घराघरामागे पुकुर, म्हणजे तळी. तिथे २००५-०६च्या सुमारास एक मोठा प्रयोग रायगंज, शेरपूर, मनोहरदी या भागांत सुरू झाला. चार वर्षांवरच्या मुलांना गावच्याच तळ्यात बांबूचा मचाण आणि कठडा बांधून त्याच्या आत पोहणं शिकवलं. ध्येय साधं होतं: २५ मीटर पोहणं, ३० सेकंद तरंगणं, आणि काठावरून दुसऱ्याला काठीनं ओढून घेणं. त्याहून लहान मुलांना पोहायला शिकवण्याच्या फंदात कुणी पडलं नाही. त्यांच्यासाठी ‘आंचल’ नावाची पाळणाघरं काढली, सकाळी नऊ ते दुपारी एक, म्हणजे नेमकं आई कामात आणि बाप शेतात असतो त्या वेळी. गावातलीच एक बाई वीस-पंचवीस मुलं सांभाळते, गाणी म्हणते, दाराला आडवी फळी. पाळणाघरात जाणाऱ्या मुलांत बुडण्याचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले, पोहणं शिकलेल्या मोठ्या मुलांत ९० टक्क्यांहून अधिक. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं शाळकरी वयात पोहणं आणि त्याहून लहानांसाठी सुरक्षित पाळणाघर, अशीच विभागणी सगळ्या गरीब देशांना सुचवली. बुडण्याविरुद्ध दर वर्षी २५ जुलै पाळण्याचा संयुक्त राष्ट्रांचा २०२१चा ठरावही बांगलादेश आणि आयर्लंड यांनी मिळून आणलेला. आपल्या केंद्र सरकारनंही २०२३मध्ये या विषयावरचा आराखडा काढला. आपल्याकडे अंगणवाडी गावोगाव आहे, ताई आहेत, मुलांची नावं वहीत आहेत. ती दुपारी आणखी दोन तास चालवायला आणि ताईंना त्याचं मानधन द्यायला काय अडचण आहे? ‘शाळेत पोहणं सक्तीचं करा’ म्हणणाऱ्यांनाही माझा एक सवाल आहे. ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत प्यायच्या पाण्याची टाकी कोरडी, तिथे जलतरण तलाव कुठून येणार? तो येईपर्यंत बांबूचा कठडा, दोर आणि प्रशिक्षित गावकरी येऊ शकतो.

आणि मुलींचं काय? विहिरीच्या त्या गोड आठवणी बहुतेक पुरुषांच्या आहेत. काका भाच्याला दोर बांधून उतरवत होता तेव्हा भाची काठावर कपड्यांचं बोचकं सांभाळत बसली होती. आज तीच बाई धुणं घेऊन नदीवर जाते, घागर घेऊन विहिरीवर वाकते, आणि लेकरू पाण्यात गेलं तर पोहता येत नसताना त्याच्यामागे उडी घेते. १७ जुलै १९४७ला रेवसकडे निघालेली रामदास बोट मुंबईजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली; जी वाचली त्यांतल्या बऱ्याच जणांना मासळी घेऊन निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी बाहेर काढलं. पाण्यात राबणाऱ्यांकडे पाण्याचं ज्ञान होतं, ते ज्ञान आपण घराघरात कधी वाटलंच नाही. तेव्हा शिबिरात मुलाचं नाव घालायला जाल त्या दिवशी महिलांच्या तुकडीत त्याच्या आईचंही घाला. बहुतेक पालिकांच्या तलावांवर अशी तुकडी असते. दोघांनी मिळून एक दिवस काढून कृत्रिम श्वास आणि छाती दाबण्याचं प्रशिक्षण घ्या. बाहेर काढलेल्या मुलाला उलटं धरून फिरवण्यात आणि पोट दाबून पाणी काढण्यात अजूनही मोलाची मिनिटं जातात, पोटातलं श्वासनलिकेत उतरतं, आणि ज्या मेंदूला चार-सहा मिनिटांत हवा हवी असते त्याला ती मिळत नाही. मूल श्वास घेत नसेल तर आधी तोंडानं श्वास द्यायचा, मग छाती दाबायची, दुसऱ्या कुणीतरी १०८ला फोन लावायचा, आणि मदत येईपर्यंत थांबायचं नाही.